वडिलांचा व्यवसाय

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वर्गात एक तक्ता भरला जातो. ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना आला की कुणाचा आवाज चढतो, कुणाचा उतरतो. यंदा आमच्या एका वर्गबंधूने केवळ ‘नोकरी’ एवढेच सांगितले. त्याचे वडील एका कचेरीत पट्टेवाले आहेत, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. आम्ही काही बोललो नाही. मात्र एकमेकांकडे पाहिल्यावाचून आम्हांस राहवले नाही. गतवर्षी आम्हीच ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहून बरे गुण मिळविले होते!

विद्या आणि हुद्दा यांनी मनुष्यास मान मिळतोच, असे आपण धरून चालतो. आमच्या बडोद्याचा इतिहास मात्र निराळे सांगतो. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली येथील संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठाचे ते एम. ए.; तरी विटाळाच्या भयाने पट्टेवाले त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही घालविले. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत, म्हणजे आपण रविवारी फिरावयास जातो त्याच सयाजीबागेत, बसून राहिले.

हा प्रसंग वाचताना आमचे लक्ष पुनःपुन्हा त्या कागद फेकणाऱ्या पट्टेवाल्याकडे जाते. त्याचा पगार तो केवढा! दिवसभर साहेबांपुढे वाकणारा तो मनुष्य एका विद्वानास हीन लेखून आपला मोठेपणा मिळवीत होता. ज्यास आपल्या कामात मान लाभत नाही, तो आपल्याहून खालचा कुणीतरी शोधू लागतो. त्यास तो जातीच्या उतरंडीने दाखविला; आम्हांस तो तक्त्याच्या रकान्यात सापडतो. आमचा वर्गबंधू मान खाली घालतो ती वडिलांच्या कामामुळे नव्हे. त्या कामावर घर चालते, हे तो आमच्याहून चांगले जाणतो. तो भितो आमच्या नजरेस.

‘सर्व कामे सारखीच थोर’ असे त्यास सांगणे सोपे आहे. पण भरल्या वर्गात त्याच्या वडिलांच्या वयाच्या गृहस्थास ‘अरे’ म्हणून हाक मारली जात असता त्याने ते खरे कसे मानावे? आमच्या शाळेतील वृद्ध पट्टेवाल्यांस पाचवीतील मुलेही एकेरीतच बोलावतात. सूचनावही घेऊन ते वर्गात येतात तेव्हा त्यांस ‘अहो’ म्हणणारे किती निघतात, हे येत्या सोमवारपासून मोजण्याचे आम्ही ठरविले आहे. मोजणाऱ्यांनी आरंभ स्वतःपासून करावा, अशी एका मित्राची सूचना आहे.