जीवशास्त्रज्ञाचे दप्तर

ज्या मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि कीटकशास्त्रज्ञ टी. रामचंद्र राव यांनी १९४६ च्या सुमारास कानडा व धारवाड जिल्ह्यांतील घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून ग्रामीण हिवतापास आळा घातला, त्याच मुंबई राज्याच्या पंचमहाल जिल्ह्यात १९५९ साली ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस हा डास त्या औषधास दाद देईनासा झाल्याची नोंद झाली. डीडीटीयुक्त कागदाच्या सान्निध्यात तासभर ठेवलेले डास चोवीस तासांनी किती मेले व किती तगले, एवढेच मोजून डासांची ही दाद न देण्याची वृत्ती पारखणारी कसोटी दिसण्यास सामान्य. परंतु हा जमाखर्च वर्षानुवर्षे इमानाने लिहिला गेला नाही, तर फवारणीचा सारा खटाटोप व्यर्थ होय. म्हणूनच नवी मुंबईतील बोनकोडेसारख्या वस्तीत, जेथे इमारतींवरील उघड्या टाक्यांत ॲनाफिलीस स्टीफेन्साय या हिवताप पसरविणाऱ्या डासाची पैदास होऊ शकते, तेथे टाक्यांची झाकणे नागरिकांनी सांभाळावी आणि संशोधकांच्या या दप्तरास शासनाने अंदाजपत्रकात कायमची तरतूद करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.