एकट्याचा निकाल पुरेसा नाही

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे पुढे आलेले दात मागे घ्यायचे म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांचे काम. महिन्या-सव्वा महिन्याने दवाखान्यात जायचे, तारा आवळून घ्यायच्या, आणि तारा निघाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर लावायचा. बिद्रीसारख्या गावातले पालकही आता मुलांसाठी हा खर्च करतात. कोणी कोल्हापूर गाठतो, कोणी जवळच्या तालुक्याच्या गावी ठरावीक दिवशी येणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टची वाट बघतो. तो डॉक्टर आपल्या व्यवसायाच्या संघटनेत आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. डॉक्टरांमध्येही, विशेषतः नव्याने दवाखाना थाटलेल्यांमध्ये, ‘संघटना हवीच कशाला?’ असा सूर ऐकू येतो. मला त्याच्या नेमके उलट म्हणायचे आहे. मोठ्या शहरापासून दूर, एकट्याने काम करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टलाच संघटनेची सर्वांत जास्त गरज आहे, आणि ती गरज त्याच्याइतकीच त्याच्या रुग्णाची आहे.

आधी विरोधकांची बाजू, ती दुबळी न करता मांडतो. पहिला आक्षेप असा की ज्ञान आता मोबाइलवर आहे. जगातल्या नामवंतांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात, मग वर्गणी कशाची भरायची? दुसरा असा की पाच वर्षांचे बीडीएस, त्यावर तीन वर्षांचे एमडीएस आणि दंत परिषदेची नोंदणी एवढे असताना आणखी कोणाच्या शिक्क्याची गरज नाही. तिसरा आक्षेप अधिवेशनांवर आहे : तिथे अभ्यास कमी आणि कंपन्यांचे स्टॉल, जेवणावळी, निवडणुकांचे गट-तट जास्त. आणि चौथा, सर्वांत बोचरा : व्यावसायिकांची संघटना म्हणजे आपले दर आणि आपले कुरण राखण्यासाठी बांधलेली कंपूशाही. यांतला एकही आक्षेप खोडसाळ नाही. म्हणूनच प्रत्येकाला उत्तर द्यायला हवे.

ज्ञान मोबाइलवर मिळते, हे खरे. पण मोबाइलवर मिळते ते दुसऱ्याचे ज्ञान. स्वतःची चूक मोबाइल दाखवत नाही. याचा सर्वांत मोठा दाखला या शास्त्राच्याच इतिहासात आहे. एडवर्ड अँगल यांना आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानतात. त्यांनी 1899 मध्ये दातांच्या चुकीच्या जुळणीचे जे वर्गीकरण मांडले ते आजही प्रत्येक विद्यार्थी शिकतो. 1900 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सेंट लुईस येथे अमेरिकन सोसायटी ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स स्थापन झाली. अँगल यांचा आग्रह होता की उपचारासाठी दात काढायचा नाही. सगळे दात राखूनच ते रांगेत बसवायचे. केल्विन केस यांचे मत वेगळे होते : काही रुग्णांत दात काढावेच लागतात. 1911 मध्ये केस आणि अँगल-पंथाचे मार्टिन ड्यूई यांच्यात यावर जाहीर वाद झाला. वादानंतरही वर्षानुवर्षे वजन अँगल यांच्या मताचेच राहिले.

मग अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी स्वतःचे रुग्ण तपासले. दात न काढता केलेले कितीतरी उपचार टिकले नव्हते. दात पुन्हा वाकडे झाले होते, चेहरे पुढे आल्यासारखे दिसत होते. त्यांनी अशा रुग्णांचे उपदाढेचे दात काढून पुन्हा उपचार केले आणि 1940 मध्ये दोन्ही वेळच्या निकालांसह शंभर रुग्णांच्या नोंदी समव्यावसायिकांसमोर मांडल्या. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा हा पुरावा बघायला, त्यावर भांडायला आणि शेवटी तो स्वीकारायला एक सभा अस्तित्वात होती, म्हणून शास्त्र बदलले. ट्वीड आपल्या दवाखान्यातच गप्प राहिले असते तर फायदा फक्त त्यांच्या रुग्णांचा झाला असता. आज बिद्रीच्या आईला डॉक्टर सांगतात, ‘चार दात काढावे लागतील’, आणि शेजारच्या मुलीला सांगतात, ‘हिचे काढायची गरज नाही’. या दोन वाक्यांमागे तो सारा वाद आहे. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. म्हणूनच तो एकट्याने मिटवू नये.

दुसरा आक्षेप पदवीचा. पदवी हे शिक्षणाचे प्रमाणपत्र आहे. पदवीनंतरच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कामाची ती हमी देऊ शकत नाही. दंतवैद्यक कायदा 1948 चा. त्यानुसार आलेली दंत परिषद नोंदणी करते, आचारसंहिता घालून देते, तक्रार आली तर चौकशी करते. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही केला. ही यंत्रणा हवीच. पण परिषद मुख्यतः तक्रार आल्यावर हलते, आणि दातांच्या उपचारातले नुकसान बऱ्याचदा तक्रारीपर्यंत पोचतच नाही. दात सरकतो तो हाडामधून. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. जोर जास्त लावला किंवा उपचार लांबला तर दाताचे मूळ झिजून आखूड होऊ शकते. वरून दात सरळ आणि सुंदर दिसतात. मुळाची झीज एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. पालकाला जे दिसतच नाही त्याची तक्रार तो कशी करणार? ते बघू शकतो तो फक्त त्याच विद्येचा दुसरा जाणकार. कायदा गुन्हा पकडतो. साधारण दर्जाचे काम गुन्हा नसते, म्हणून ते कायद्याच्या जाळ्यातून सुटते. ते समव्यावसायिकांच्या नजरेतून सुटत नाही.

याच विचारातून 1929 मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स निघाले. दंतवैद्यकातल्या कोणत्याही विशेष शाखेचे ते पहिले परीक्षा मंडळ. 2019 मध्ये परीक्षेची पद्धत बदलेपर्यंत पदवी मिळवलेला डॉक्टर इथे स्वेच्छेने स्वतः उपचार केलेले रुग्ण, त्यांचे आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, साचे, छायाचित्रे घेऊन परीक्षकांसमोर उभा राहत असे. भारतात 1965 मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली; तिची अधिवेशने होतात, तिचे नियतकालिक निघते, आणि तिच्याच पुढाकाराने इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्सही उभे राहिले. ज्याला कोणी सक्ती करत नाही, तरी जो आपले काम चारचौघांत तपासायला ठेवतो, त्याच्या हाती माझ्या मुलीचे दात द्यायला मला धीर येतो.

तिसरा आक्षेप अधिवेशनांचा. इथे मी विरोधकांशी निम्मा सहमत आहे. जिथे ब्रॅकेट आणि तारा विकणाऱ्या कंपनीच्या खर्चाने व्याख्यान होते, तिथे व्याख्यात्याच्या शब्दांवर कंपनीची छाया पडते. ही छाया हटवलीच पाहिजे. पण त्यासाठी बाहेर बसून नाक मुरडणे हा उपाय नाही. आपला भाग सहकाराचा आहे. दूधगंगा-वेदगंगा कारखान्यामुळे बिद्रीचे नाव जिल्ह्याबाहेर गेले. कारखान्याच्या निवडणुकीतले गट-तट आपल्याला कोणी सांगायला नको. तरी उसाच्या वजनाबद्दल, दराबद्दल, अहवालातल्या आकड्याबद्दल वार्षिक सभेत उभा राहून जाब विचारू शकतो तो सभासदच. राजकारणाला कंटाळून कोणी शहाणा शेतकरी आपला शेअर परत करत नाही. ऑर्थोडॉन्टिस्टच्या संघटनेलाही हाच न्याय लागू आहे. कंपन्यांचा पैसा किती आला, कशावर खर्च झाला, हा प्रश्न वर्गणी भरणाऱ्यानेच विचारायचा असतो.

आता चौथा आक्षेप, कंपूशाहीचा. संघटना फक्त सभासदांचे दर सांभाळत असेल, तर तिच्या बाजूने मी एक ओळही लिहिणार नाही. पण जे दिसायला कुरण राखणे वाटते, ते कधी कधी रुग्ण राखणे असते. अमेरिकेत 2014 मध्ये स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी सुरू झाली. घरीच दातांचे माप घ्यायचे, टपालाने पाठवायचे आणि पारदर्शक साचे मागवून दात सरळ करायचे, डॉक्टरसमोर बसण्याची गरज नाही, असा तिचा धंदा. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने 2017 मध्ये 36 राज्यांच्या दंत मंडळांकडे या पद्धतीविरुद्ध तक्रारी केल्या. तेव्हा ‘स्वस्त पर्याय आला म्हणून यांच्या पोटात दुखते’ असेच म्हटले गेले. सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते त्यांना साचे बंद, मदतीचा फोन बंद, आणि आयुष्यभराची म्हणून दिलेली हमीही रद्द. हप्ते मात्र भरत राहा, असे सांगण्यात आले. अर्धवट सरकलेले दात घेऊन ही माणसे जाणार कुठे? शेवटी ऑर्थोडॉन्टिस्टच्याच दारात. घरबसल्या साचे देणाऱ्यांच्या जाहिराती आपल्याही मोबाइलवर येतात, आणि बिद्रीतल्या तरुणालाही त्या दिसतात. एका दवाखान्यातल्या डॉक्टरने अशा जाहिरातीविरुद्ध आवाज काढला तर तो हेवा ठरतो. शेकडो जाणकारांनी पुराव्यासह काढला, तर सरकारला ऐकावे लागते.

आक्षेपांची उत्तरे झाली. आता संघटना प्रत्यक्ष काय देते ते सांगतो. समजा, बारावीनंतर मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि तोंडात तारा अजून सात-आठ महिने राहायच्या आहेत. महिन्याला पुण्याहून परत येणे परवडत नाही. तिथल्या कोणत्या डॉक्टरने तिला हाती घ्यावे, आधीचे एक्स-रे आणि उपचाराची योजना त्याच्यापर्यंत कशी पोचावी, किती पैसे झाले आणि किती उरले, हे सारे दोन अनोळखी डॉक्टरांमध्ये ठरणार कसे? एका संघटनेत असलेले, एकाच रीतीने नोंदी ठेवणारे आणि एकमेकांच्या नजरेत आपली पत जपणारे दोन डॉक्टर असतील तर हा प्रश्न एका फोनवर सुटतो. नसतील तर मुलगी तारा तशाच ठेवून फिरते, नाहीतर काढून टाकते.

दुसरे उदाहरण अवघड रुग्णाचे. दुभंगलेला ओठ-टाळू घेऊन जन्मलेले मूल असो, की जबडाच पुढे वाढलेला तरुण. नुसत्या तारांनी हे भागत नाही. शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट यांनी वर्षानुवर्षे मिळून काम करावे लागते. ‘हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नाही’ असे म्हणायला डॉक्टरला आधी कोणाकडे पाठवायचे ते ठाऊक असावे लागते. ज्याला चारजण ओळखतात तो रुग्ण वेळेवर पाठवतो. ज्याला कोणी ओळखत नाही, तो अडला तरी काम रेटत राहतो आणि भोग रुग्णाच्या वाट्याला येतात.

म्हणून वर्गणी भरून प्रमाणपत्र भिंतीवर टांगणे मला पुरेसे वाटत नाही. संघटनेकडेही माझ्या मागण्या आहेत. वर्षाचे अधिवेशन मोठ्या शहरातल्या हॉटेलात भरते ते भरो. पण कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या टापूतल्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी एकत्र बसावे, आणि त्या बैठकीत प्रत्येकाने फसलेला एक तरी रुग्ण मांडावा. या टापूत दंत महाविद्यालये आहेत. जागा आणि शिक्षक दोन्ही मिळतील. ऑर्थोडॉन्टिस्ट कोण, त्याचे शिक्षण काय, उपचाराआधी काय विचारावे, हे संघटनेने मराठीत छापून शाळांपर्यंत पोचवावे. आणि सभासदांची यादी गावागणिक खुली ठेवावी.

पालकांनीही आता चार प्रश्न विचारायला शिकावे. डॉक्टर, तुमचे एमडीएस याच विषयात आहे ना? तुम्ही संघटनेत आहात ना? दात काढायचा निर्णय कशावरून घेतला? आणि आम्ही गाव सोडले तर पुढचा उपचार कोण करेल? या प्रश्नांना राग न मानता उत्तर देणारा डॉक्टर आपला. ज्या दिवशी बिद्रीचा पालक हे सहज विचारू लागेल, त्या दिवसापासून ‘संघटना कशाला हवी’ हा वाद डॉक्टरांना आपापसात घालावाच लागणार नाही.