भारतीय प्रताधिकार कायद्यातील शैक्षणिक अपवाद

भारतीय प्रताधिकार कायद्यातील शैक्षणिक अपवाद म्हणजे प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील अशा तरतुदी, ज्यांच्या आधारे शिक्षक, विद्यार्थी, संशोधक व ग्रंथालये यांना लेखकाची वा प्रकाशकाची परवानगी न घेता संरक्षित साहित्याचा ठरावीक कारणांसाठी वापर करता येतो. यांतील बहुतेक तरतुदी कलम ५२ मध्ये आहेत. छायाप्रतींच्या बाबतीत हा कायदा उदार आहे. ऑनलाइन अध्यापन आणि संगणकीय संशोधन यांविषयी मात्र तो संदिग्ध आहे. युरोपीय महासंघाने २०१९ मध्ये याच प्रश्नांवर नवे नियम केले. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांच्या स्थितीवरून या तरतुदींचे बळ आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही लक्षात येतात.

मुख्य तरतुदी

कलम ५२ नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेले पुनरुत्पादन, तसेच प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका यांत केलेला वापर हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. संशोधनासह खासगी वा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या न्याय्य वापरालाही संरक्षण आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, स्वतःकडे छापील प्रत असलेल्या ग्रंथाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभाही अशा ग्रंथालयांना मिळाली.

प्रताधिकाराची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते. उदाहरणार्थ, सोलापूरचे साहित्यिक त्र्यं. वि. सरदेशमुख यांचे निधन २००५ मध्ये झाले; त्यांचे साहित्य २०६५ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. जतनासाठी केलेली डिजिटल प्रत आंतरजालावर सर्वांसाठी खुली करण्याचा अधिकार ग्रंथालयाला मिळत नाही.

मराठीच्या दृष्टीने कलम ३२ महत्त्वाचे आहे. परदेशी ग्रंथाचे अध्यापन वा संशोधनासाठी भाषांतर करण्याचा अनिवार्य परवाना मानधन देऊन मिळवता येतो. त्यासाठी सामान्यतः प्रकाशनानंतर तीन वर्षे थांबावे लागते. विकसित देशांत सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. मात्र त्याआधी मूळ हक्कधारकाकडे परवानगी मागितल्याचे व ती न मिळाल्याचे दाखवावे लागते.

दिल्ली विद्यापीठ छायाप्रत खटला

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ व तेथील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. अभ्यासक्रमातील प्रकरणांच्या छायाप्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकल्या जात, हा आक्षेप होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ वर्गातील व्याख्यानापुरता मर्यादित नसल्याचे सांगितले. किती पाने घेतली यापेक्षा ती अध्यापनासाठी आवश्यक होती का, हा निकष त्याने महत्त्वाचा मानला व त्या मुद्द्यावर सुनावणीस वाव ठेवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रकरणातील याचिका स्वीकारली नाही.

सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असून ऑगस्ट २०२५ पासून तेथील प्रकरणे कोल्हापूर सर्किट बेंचकडे येतात. दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय या न्यायालयासाठी मार्गदर्शक असला तरी बंधनकारक नाही.

संसदीय समितीची शिफारस

वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने जुलै २०२१ मधील अहवालात कलम ५२ मध्ये बदल सुचवले. हा अपवाद सरकारी मालकीच्या शिक्षणसंस्थांपुरता ठेवावा आणि छायाप्रतींना मर्यादा घालावी, असे समितीचे मत होते. ही शिफारस कायद्यात उतरल्यास तिचा परिणाम सोलापूरसारख्या जिल्ह्यांवर मोठा होईल. महाराष्ट्रात महाविद्यालयीन शिक्षणाचा मोठा भार खासगी शिक्षणसंस्थांनी उचलला आहे. सोलापुरातील दयानंद व संगमेश्वर ही महाविद्यालये त्याच परंपरेतील आहेत. अशा वेळी एकाच विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना, केवळ महाविद्यालयाची मालकी वेगळी म्हणून, वेगवेगळे हक्क मिळतील.

परितेवाडीचा प्रयोग आणि डिजिटल अध्यापन

माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांवरून विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय मिळत. त्यांनी पाठ्यपुस्तकांचे मुलांच्या मातृभाषेत भाषांतरही केले. या कार्यासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. क्यूआर कोडची पद्धत पुढे राज्याच्या व एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांत आली.

या पद्धतीचा शासनानेच स्वीकार केला. परंतु खासगी प्रकाशकाच्या पुस्तकातील कविता ध्वनिमुद्रित करून खुल्या दुव्यावर ठेवणाऱ्या शिक्षकाचे काय, याचे थेट उत्तर कायद्यात नाही. भाषांतर, रूपांतर आणि जनतेपर्यंत पोहोचवणे हे कलम १४ नुसार स्वतंत्र हक्क आहेत. शिक्षकांना दिलेल्या अपवादात केवळ ‘पुनरुत्पादन’ हा शब्द आहे.

युरोपीय महासंघातील सुधारणा

महासंघाच्या २००१ च्या निर्देशात शैक्षणिक अपवाद सदस्य देशांच्या इच्छेवर सोडले होते. त्यामुळे देशोदेशी वेगळे नियम झाले. १७ एप्रिल २०१९ च्या नव्या निर्देशाने (२०१९/७९०) काही अपवाद बंधनकारक केले. संशोधन संस्थांना कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेल्या साहित्याचे संगणकीय विश्लेषण करता येते आणि करारातील अटी त्याच्या आड येऊ शकत नाहीत. डिजिटल अध्यापनासाठीही अपवाद आहे. मात्र ऑनलाइन साहित्य केवळ संस्थेच्या विद्यार्थी-शिक्षकांना उघडता येईल अशा सुरक्षित जागी असावे लागते. योग्य परवाने उपलब्ध असल्यास हा अपवाद लागू न करण्याची मुभा देशांना आहे. म्हणजेच सर्वांना खुला असलेला क्यूआर दुवा या युरोपीय नियमातही बसणार नाही.

संशोधन साहित्याची उपलब्धता

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी ती आहे. दुसरीकडे, परदेशी प्रकाशकांनी २०२० मध्ये केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये साय-हब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला.

मूल्यमापन

सदस्यत्वामुळे साहित्य वाचायला मिळते, पण त्यावर काय करता येईल हे करारातील अटींवरून ठरते. युरोपीय निर्देशाप्रमाणे अशा अटींना निष्प्रभ करणारी संगणकीय संशोधनविषयक स्पष्ट तरतूद भारतात नाही. त्यामुळे ‘पुनरुत्पादन’ या शब्दाची व्याप्ती ऑनलाइन अध्यापनापर्यंत स्पष्ट करणे, संस्थात्मक संशोधनाला संगणकीय विश्लेषणाची मुभा देणे आणि सरकारी व खासगी संस्थांतील विद्यार्थ्यांत भेद न करणे, हे भारतातील पुढील सुधारणेचे तीन कळीचे प्रश्न ठरतात. लेखक व प्रादेशिक भाषांतील लहान प्रकाशक यांचे उत्पन्नही याच निर्णयांशी निगडित आहे. मराठीत विद्यापीठीय ग्रंथांचा खप मर्यादित असल्याने, अपवाद आणि मानधन यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न येथे अधिक तीव्र आहे. कलम ३२ मधील मानधनासह परवान्याची पद्धत हा त्याचा एक नमुना आधीच कायद्यात आहे.