पहिली वाट कोणाची?

बर्लिन शहरात रात्री बर्फ पडला, तर कामाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत दारापुढील पदपथ मोकळा करणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य असते. मिठाने बर्फ वितळतो खरा. परंतु झाडे दुखावतात. म्हणून रहिवाशांना मिठाची मनाई असून ते खडी वा वाळू पसरतात.

माझ्या मते, सामायिक वसाहतीत एवढ्याने भागत नाही. मोटारींसाठी उपसलेला बर्फ वळणावर रचला, तर त्याआडचे मूल चालकास दिसत नाही. आणि निसरड्यावर मोटार चटकन थांबत नाही. तेव्हा प्रथम पायवाट मोकळी करावी, ढीग वळणापासून दूर घालावा आणि मोटार सावकाश हाकावी. मोटारीस थोडा उशीर परवडतो. वृद्धाचे मोडलेले हाड परवडत नाही. जो सर्वांत दुबळा, त्याची वाट पहिली!