निजेला धोंडा चालतो, कर्णा चालत नाही

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपली जुनी माणसे सांगून गेली. दिवसभर रानात राबलेल्या माणसाला ना गादी लागते, ना उशी. धोंडा उशाला घेतला तरी त्याचा डोळा लागतो. म्हण खोटी नाही. पण ती झाली त्या काळात रात्री गावात आवाज कसले होते? कुत्र्यांचे, रातकिड्यांचे, फार तर देवळातल्या भजनाचे. आज मांडवापुढे कर्ण्यांची भिंत उभी राहते आणि तिच्या ठोक्याने शेजारच्या घराचे पत्रे थरथरतात. धोंड्यावर झोप येते, वाचकहो. त्या ठोक्यांवर येत नाही.

शहरातल्या लोकांना वाटते, खेडेगाव म्हणजे शांतता. त्यांना एकदा लग्नसराईत आपल्या आळीत मुक्कामाला बोलवावे. एका घरी हळद, दुसऱ्या घरी वरात, तिसऱ्या घरी वाढदिवस. यात्रा, जयंती आणि निवडणूक आहेच. हे मोठे आवाज झाले. रोजचे वेगळेच. कुणाचा टीव्ही रात्री अकरापर्यंत अंगणात ऐकू येतो. कुणी ट्रॅक्टरवर गाणी लावून बाराच्या सुमाराला घरी येतो. कुणाच्या पोराने मोटारसायकलचा आवाज मुद्दाम वाढवून घेतलेला असतो.

आता आपल्या आळीत त्या वेळी कोण कोण निजलेले असते ते पाहा. एका घरची बाई पहाटे साडेचारला उठून धार काढते, कारण डेअरीची गाडी थांबत नाही. दुसऱ्या घरात बाळंतीण आहे. तिसऱ्या घरात दहावीचे पोर आहे, आणि परीक्षा नेमकी लग्नसराईतच येते. चौथ्या घरचा म्हातारा एकदा जागा झाला की पुन्हा डोळा लागत नाही म्हणून छताकडे पाहत पडतो. आणि पाचव्या घरचा गडी? जिथे शेतीपंपाला अजून रात्रीच्या पाळीची वीज आहे, तिथे तो आदल्या रात्री उसाची दारे धरायला गेलेला असतो. काल झोप नाही, म्हणून आज लवकर पाठ टेकली, तर नऊ वाजता शेजारी कर्णा सुरू होतो.

‘एका रात्रीने काय बिघडते?’ असे कुणी म्हणेल. बिघडते. सतरा-अठरा तास सलग जागा राहिलेला माणूस थोडी दारू प्यालेल्या माणसासारखा वागतो, हे शास्त्रज्ञांनी चाचण्या घेऊन दाखवले आहे. हात उशिरा हलतो, अंदाज चुकतो. हाच हात सकाळी कडबाकुट्टीत वैरण सारतो, मळणीयंत्रात पेंढी घालतो, ट्रॅक्टरचे चाक धरतो आणि फवारणीचे औषध मोजून पाण्यात टाकतो. कचेरीत बसणाऱ्याला डुलकी लागली तर कागदावर रेघ ओढली जाते. आपल्याला लागली तर बोटे जातात.

दुसरी गोष्ट, डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. माणूस जागा झाला नाही तरी निजेत कान ऐकतच असतो. मोठा आवाज आला की नाडी जलद होते आणि रक्तदाब वाढतो. सकाळी उठल्यावर अंग आंबल्यासारखे का वाटते, ते माणसाला कळत नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. शाळकरी मुलाला नऊ तासांहून कमी पुरत नाही. गोठ्यातही तेच. बिचकलेली म्हैस पान्हा चोरते, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

मग माणसे बोलत का नाहीत? कारण गावात आज त्यांच्या घरचे लग्न, उद्या आपल्या घरचे. आज आपण कुरकुर केली तर उद्या आपल्या मांडवात तेच ऐकावे लागेल. म्हणून सगळे सोसतात. सोसतात ते सोसतात, आणि मनात नोंद करून ठेवतात. आपली पाळी आली की म्हणतात, ‘त्यांनी चार रात्री वाजवले तेव्हा आम्ही गप्प होतो, आता त्यांनी सोसावे.’ ही झाली फेड! त्यांचे चार कर्णे, तर आपले सहा. अशी फेड कधी फिटत नाही, ती वाढतच जाते. आणि एखाद्या रात्री कुणाचा संयम सुटला की दोन भाऊबंदांत हातघाई होते. मग जुना बांध निघतो, पाण्याची पाळी निघते, आणि आवाजाचे भांडण तालुक्याच्या कोर्टात जाते. पोराच्या हळदीला सुरुवात झाली आणि शेवट वकिलाच्या दारात!

तेव्हा पहिली गोष्ट ही, की रात्री भांडायला जाऊ नका. रात्री तुम्ही संतापलेले असता, तो पाहुण्यांत असतो, आणि पाहुण्यांदेखत कुणीही माघार घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, एकट्याला गाठा. ‘तुम्ही लोक फार त्रास देता’ असे म्हणू नका. आपली अडचण सांगा. ‘अण्णा, परवा मला रात्रीचे पाणी आहे. नऊनंतर आवाज जरा उतरवाल का?’ एवढे पुरते. बायकांनी बायकांशी बोलावे. ‘वहिनी, आमची सून ओली बाळंतीण आहे,’ हे ऐकून कर्ण्याचे तोंड फिरवून घेणारी घरे आपल्याकडे अजून खूप आहेत. पुष्कळदा आपला आवाज कुठवर जातो हे वाजवणाऱ्याला ठाऊकच नसते. कर्ण्याच्या मागे बसणाऱ्याला तो कमीच ऐकू येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ हे सगळ्या देशाला लागू आहेत, खेड्यालाही. त्यांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. एवढ्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दिवसा लावायचा तरी लेखी परवानगी लागते. सणासुदीच्या काही दिवसांसाठी सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, पण असे दिवस वर्षात १५ हून जास्त नसतात. आपल्या घरचे लग्न त्यांत येत नाही.

वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हे आकडे ध्यानात यावेत म्हणून सांगतो. दोन माणसे जवळ बसून नेहमीसारखी बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल. आणि ४५ डेसिबल व १०५ डेसिबल यांतला फरक दुपटीचा समजू नका. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे इथे ती दहा लाख पट झाली! कर्ण्यांच्या भिंतीपुढे १०५ ही काही नवलाची गोष्ट नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितले, की कुणालाही आपला आवाज दुसऱ्याला बळजबरीने ऐकायला लावण्याचा हक्क नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. आणि तक्रार करणाऱ्याचे नाव पोलिसांनी उघड करू नये. तेव्हा सांगून भागले नाही तर पोलीस पाटलांना सांगा, आणि त्यानेही जमले नाही तर ११२ या क्रमांकावर फोन करा. पण तो शेवटचा उपाय. कारण पोलिसांची गाडी परत जाते, शेजारी तिथेच राहतो.

म्हणून तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आवाजाचा नियम वाजत असताना करायचा नसतो, तो आधी करायचा असतो. लग्नसराई लागण्यापूर्वी, जेव्हा कुणाचाच मांडव उभा नसतो, तेव्हा तो विषय ग्रामसभेत काढा. त्या दिवशी तो कुणा एकाच्या विरुद्ध नसतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ साली गावाने ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. सुरुवातीला कुरकुर झाली, पण घरोघर फिरून लोकांना पटवले गेले. एक गाव रोजचा दीड तास ठरवू शकते, तर दुसऱ्या गावाला रात्रीचे दहा ठरवता येणार नाहीत काय?

ठरवायचे फार नाही. हळद आणि वरात दहाच्या आत आटपायची. कर्ण्याचे तोंड घरांकडे न करता मोकळ्या रानाकडे करायचे. परीक्षेच्या दिवसांत फक्त सनई आणि हलगी. काकडआरती गळ्यानेच म्हणायची, ती देवाला पोचते. आणि सगळ्यांत मोठे कलम हे, की नियम पहिल्यांदा सरपंचाच्या आणि गावातल्या वजनदार घराच्या मांडवात पाळला जावा. गरिबाच्या लग्नात नियम आणि मोठ्याच्या लग्नात सूट, असे एकदा झाले की तो ठराव कागदावरच राहतो.

लग्न दोन दिवसांचे, शेजार जन्माचा. शेजाऱ्याला अडीनडीला बैल देतो, विरजण देतो, दुखण्यात उशाशी बसतो, तसाच त्याला रात्रीची झोप देणे हाही शेजारधर्मच आहे. गावातली फेड मोडायची तर कुणीतरी पहिल्यांदा थांबावे लागते. यंदा तुमच्या घरी कार्य असेल, तर ते तुम्हीच का असू नये? शेजारी दारात येण्यापूर्वी तुम्हीच त्याच्या दारात जा. ‘आमच्या घरी मंगळवारी हळद आहे, जेवायला सगळ्यांनी या, आणि दहाला आमचे बंद,’ असे सांगून या. मग पाहा, पुढच्या वर्षी त्यांच्या घरची हळद कितीला संपते ते.