सातबाऱ्यावर नसलेला माणूस

सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पांदणीनं चालत गेलं की पऱ्हाटीत फवारणी चाललेली दिसते. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, अंगात जुना शर्ट. पंपाच्या झाकणातून पाझरलेलं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत उतरतं. शर्ट घामानं भिजला की औषधानं, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे.

2017 च्या हंगामात या विषानं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. नळी वर धरून फवारावं लागे आणि तुषार तोंडावर येत. मला तेव्हापासून एकच प्रश्न छळतो: फवारणारा माणूस कायद्याच्या लेखी कोण?

कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत त्याच्यासाठी संरक्षक कपडे आहेत, नाकातोंडाचं संरक्षण आहे. बांधावर ते कुणी तपासत नाही. त्या हंगामात लागू असलेला 1923 चा कामगार भरपाई कायदा पाहिला, तर त्याच्या अनुसूचीत शेतात कीटकनाशकं फवारण्याचं कामही येतं. पण मालक म्हणून ज्याच्यावर दावा लावायचा, तो बहुतेक वेळा स्वतःच कर्जात बुडालेला तीन-चार एकरवाला असतो.

पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. तिथं 2018 पासून रयतु बीमा योजनेत 18 ते 59 वयाच्या शेतकऱ्याचा कुठल्याही कारणानं मृत्यू झाला, तरी कुटुंबाला 5 लाख मिळतात. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख आहेत आणि विषबाधा हा अपघात धरला जातो. नदीच्या दोन काठांवर रकमेत अडीच पटीचा फरक पडतो. पण हक्क दोन्हीकडे जमिनीवरूनच ठरतो. रोजानं फवारणीला जाणारा भूमिहीन मजूर दोन्ही काठांवर कोरडाच राहतो.

दुसरीकडे केरळ पाहा. कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीडितांना प्रत्येकी 5 लाख देण्याचा आदेश दिला. तिथं बाधित कोण हे पाहिलं गेलं, जमिनीचा उतारा मागितला गेला नाही. आपल्याच देशात, आपल्याच राज्यघटनेखाली हे घडलं.

आणखी दूरची गोष्ट स्वित्झर्लंडची. यवतमाळमध्ये फवारल्या गेलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉन होतं. स्वित्झर्लंडनं ते 2009 मध्येच वापराच्या यादीतून काढलं होतं. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 बाधित कुटुंबांची तक्रार बर्नमध्ये स्विस सरकारकडे पोहोचली. पुढच्या वर्षी दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी हे औषध विकणाऱ्या स्विस सिंजेंटा कंपनीविरुद्ध बाझेलच्या दिवाणी न्यायालयात गेले. आपल्या उत्पादनामुळे हे घडलं, हे कंपनीनं मान्य केलेलं नाही. निकालाचं पारडं कुठंही झुको, एक गोष्ट मात्र घडली: 2021 पासून स्वित्झर्लंडनं डायफेन्थियुरॉनची निर्यातच बंद केली. फ्रान्सनंही युरोपात बंदी असलेल्या कीटकनाशकांच्या निर्यातीवर 2022 पासून कायद्यानं बंदी घातली. म्हणजे आपल्या माणसाच्या जिवाला अपाय करणारी वस्तू दुसऱ्याच्या शेतात पाठवू नये, एवढी समज कायद्यात आणता येते. शेतीतल्या कामगारांच्या सुरक्षेचा 2001 चा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक 184, भारतानं मात्र आजही स्वीकारलेला नाही.

देशोदेशीचे कायदे शेजारी ठेवून वाचताना मला हेच दिसतं: जिथं कायद्यानं जखमेकडे पाहिलं, तिथं माणसाला काही मिळालं, जिथं कागदाकडे पाहिलं, तिथं तो उघड्यावर राहिला. म्हणून माझी मागणी साधी आहे. विमा फवारणाऱ्याच्या नावानं हवा. ग्रामपंचायतीनं खरिपाआधी गावातल्या फवारणाऱ्यांची यादी करावी, मग त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन असो वा नसो. हप्त्याचा भार औषध विकणाऱ्या कंपन्यांच्या उलाढालीवर टाकावा, कारण जोखमीतून कमाई त्यांची होते. शेतीकाम करताना झालेली विषबाधा जमिनीचा कागद न विचारता भरपाईस पात्र ठरवावी.

मृगाच्या आधी ग्रामसभा भरते. त्या सभेत हा विषय मांडा. यादीत पहिलं नाव अशा माणसाचं लिहा, ज्याचं नाव गावाच्या एकाही सातबाऱ्यावर नाही.