जुनं व्हर्जन काढताना जरा थांबा

मंडळी, कोरल ड्रॉ किंवा फोटोशॉपचं नवं व्हर्जन आलं की आमच्या भंडाऱ्याच्या डीटीपीवाल्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "नवं टाक, जुनं उडव, डिस्क मोकळी होईल." दुसरा म्हणतो, "चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?" माझं मत विचाराल तर नवं जरूर टाकावं. जुनं मात्र घाईनं काढू नये.

कारण साधं आहे. जुनं व्हर्जन ही जुन्या फायलींची किल्ली असते. त्यात मराठीचा घोळ वेगळाच! पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन, ७.०, आलं २००१ साली, आणि त्याला युनिकोड कधीच कळलं नाही. त्या काळात श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. फॉन्ट आहे तोवर 'वैनगंगा' दिसणार, फॉन्ट गेला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. बरं, फॉन्ट जपून ठेवला तरी भागतंच असं नाही. टाइप १ जातीच्या फॉन्टना अडोबीनं फोटोशॉपमधून २०२१ मध्ये निरोप दिला, इनडिझाइनमधून २०२३ मध्ये.

"मग प्रेसवाल्याला देतो तसं कर्व्ह करून ठेवू की!" असं कोणी म्हणेल. ठेवा, पण कर्व्ह केलं की अक्षरांची चित्रं होतात. चित्र छापता येतं, त्यातलं चुकलेलं नाव दुरुस्त करता येत नाही, शोधता तर नाहीच नाही.

आता या फायलींत असतं काय? लग्नपत्रिका, दिवाळीनंतरच्या मंडईची आणि झाडीपट्टीच्या नाटकांची हँडबिलं, शाळेच्या स्मरणिका, कुणाची तरी श्रद्धांजली. हँडबिलाचा कागद पहाटेपर्यंत चुरगळतो. पुढे कुणाला विचारायचं असेल की त्या साली आमच्या गावात कोणतं नाटक झालं, तर उत्तर त्या फायलीतच. आमच्याच घरचं बघा ना. काकांनी गावोगाव फिरून जमवलेली वंशावळ पेजमेकरमध्येच बसलीय. नातलगांनो, ती उघडते आहे तोवरच आपली आहे!

म्हणून माझा क्रम असा. आधी जुन्या व्हर्जनमध्ये जुन्या फायली उघडायच्या. मजकूर कॉपी करून युनिकोडमध्ये बदलायचा आणि साध्या टेक्स्ट फायलीत ठेवायचा. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालायचा. मांडणीसाठी पीडीएफ काढायची. फॉन्ट, इन्स्टॉलरची सीडी आणि सिरियल नंबर एका जागी ठेवायचे. मग खुशाल अनइन्स्टॉल करा. आणि हो, नवं टाकताना आधीचं व्हर्जन काढण्याच्या चौकटीत बरेचदा आधीच टिकमार्क असतो. तो बघूनच पुढे जा.

काम कंटाळवाणं आहे, मान्य. पैसेही कोणी देत नाही. पण नवं व्हर्जन पुढल्या वर्षीही मिळेल. काकांनी ज्यांना विचारून नावं लिहिली, ती म्हातारी माणसं आता कुठून आणणार?

असो. या रविवारी आमच्या वंशावळीचा नंबर आहे.